लेसरची तारीख जरा पुढे ढकला

शहादा तालुक्यातल्या एका ताईंनी नवऱ्याबद्दल विचारलं आहे. वय ४१, पपईच्या गाडीवर ड्रायव्हर, फेऱ्या थेट दिल्लीपर्यंत. तीन वर्षांपूर्वी संडासच्या जागेशेजारी गळू झालं, ते तालुक्याला फोडलं. वर्षभराने तिथूनच पू यायला लागला म्हणून भगंदराचं ऑपरेशन झालं. चार महिने बरे गेले आणि पुन्हा पू सुरू. आता एमआरआय काढला आहे. एका हॉस्पिटलने ‘लेसर करून टाकू, वीस मिनिटांचं काम, कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी गाडीवर, शंभर टक्के गॅरंटी’ असं सांगून पुढच्या मंगळवारची तारीख दिली आहे. सासरे म्हणतात, क्षारसूत्रच (आयुर्वेदातला औषधी दोरा) करा. ताई विचारतात, लेसर करावं का, आणि परत तर होणार नाही ना?

ताई, रिपोर्टचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, नाहीतर मला नुसतं गोल गोल उत्तर द्यावं लागलं असतं. सरळ सांगतो: मंगळवारी लेसर करू नका. लेसर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः करतो. पण तुमच्या रिपोर्टमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे की मुख्य मार्गाला, म्हणजे भगंदराच्या नळीला, लागून दोन सेंटिमीटरची पूची पिशवी आहे. ती भरलेली असताना लेसरने मार्ग बंद केला तर पूला बाहेर यायची वाट उरत नाही. आठ-पंधरा दिवसांत ताप, ठणका आणि नवीन जागी नवीन तोंड, असा प्रकार होतो. आधी पिशवी रिकामी झाली पाहिजे, नंतर लेसरचा विचार.

आता हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो. एकदा आजार नीट समजला की कोण काय विकतंय तेही समजतं.

गुदद्वाराच्या आत, साधारण दोन सेंटिमीटर वर, बारीक बारीक ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबली की तिच्यात पू होतो. हा पू दोन स्नायूंच्या मधल्या फटीत उतरतो आणि जिथे वाट मिळेल तिथून कातडीकडे येतो. कातडीशी फुगला की आपण म्हणतो गळू झालं. गळू फुटलं किंवा फोडलं की ठणका थांबतो, पण आतली ग्रंथी आणि तिथून बाहेरपर्यंत पडलेली नळी बऱ्याच जणांत तशीच राहते. ती नळी म्हणजे भगंदर. इकडचे पेशंट दारातूनच सांगतात, ‘तठे फोड व्हयेल शे, बाकी काही नई’, आणि मलम मागतात. फोड हे फक्त बाहेरचं टोक. तुमच्याकडे ठिबक असेल तर लगेच लक्षात येईल: व्हॉल्व्ह चालू ठेवून नळीच्या शेवटच्या भोकाला चिंधी बांधली तर पाणी थांबत नाही, ते दुसरा सांधा फोडतं. भगंदराचा व्हॉल्व्ह आत, त्या ग्रंथीच्या तोंडाशी आहे. ते तोंड सापडलं नाही किंवा बंद झालं नाही, तर बाहेर कितीही महागडं काम केलं तरी पू परत येतो. मलम, गोळ्या, रस्त्याकडेच्या तंबूतलं ‘एका इंजेक्शनात गायब’, यांपैकी कशानेही ते आतलं तोंड बंद होत नाही. अँटिबायोटिकने पू चार दिवस कमी होतो आणि माणसाला वाटतं, गुण आला.

मग सर्जन सरळ नळी उघडून का टाकत नाहीत? टाकतात. नळी कमी स्नायूमधून जात असेल तर ती उभी उघडून तळापासून भरू देणं, म्हणजे फिस्टुलोटॉमी, हा आजही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. साध्या, खालच्या भगंदरात दहातले नऊहून जास्त पेशंट एका ऑपरेशनात बरे होतात. अशा पेशंटला लेसर सुचवणं म्हणजे खात्रीचं सोडून महागडं अर्धवट घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण येते ती नळी वरून जात असली की. मल आणि वारा धरून ठेवणारे दोन स्नायू असतात, आतला आणि बाहेरचा. तुमच्या यजमानांचा मार्ग बाहेरच्या स्नायूच्या निम्म्या जाडीतून जातो. आतलं तोंड घड्याळाच्या तबकडीप्रमाणे सहा वाजता, म्हणजे पेशंट पाठीवर झोपला असताना मागच्या बाजूला बरोबर मध्यावर. बाहेरचं सात वाजता, कडेपासून चार सेंटिमीटरवर. एवढा स्नायू कापून मोकळा केला तर पू कदाचित कायमचा थांबेल, पण दिल्लीच्या रस्त्यावर वारा, पातळ मल धरून ठेवायची ताकद कमी पडायची शक्यता राहते. त्यात आधीच्या ऑपरेशनात थोडाफार स्नायू गेलेलाही असू शकतो. म्हणून अशा केसमध्ये स्नायू न कापता नळी बंद करायच्या पद्धती शोधल्या गेल्या. लेसर ही त्यांतली एक.

लेसर म्हणजे नेमकं काय करतात, ते ऑपरेशन थिएटरमधलं सांगतो, कारण जाहिरातीत फक्त लाल प्रकाशाचा फोटो असतो. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल. बाहेरच्या तोंडातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं आणि आत बघत राहायचं. आतल्या तोंडातून पांढरे बुडबुडे आले की जागा नक्की झाली. माझ्या मते अख्ख्या ऑपरेशनातला हाच महत्त्वाचा क्षण. बुडबुडे दिसले नाहीत तर मी मशीन चालूसुद्धा करायला सांगत नाही. मग नळी ब्रशने किंवा क्युरेटने खरवडून आतला सडका थर काढायचा, सलाइनने धुवायची. त्यानंतर बारीक फायबर बाहेरून आत नेऊन त्याचं टोक आतल्या तोंडाशी आणायचं. या फायबरचा प्रकाश समोर न जाता टोकाभोवती सगळीकडून बाहेर पडतो. तरंगलांबी बहुतेक ठिकाणी १४७० नॅनोमीटर. ती पाण्यात चटकन शोषली जाते, त्यामुळे उष्णता नळीच्या भिंतीच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच राहते, पलीकडच्या स्नायूपर्यंत फारशी पोचत नाही. दहा ते तेरा वॅटवर फायबर सेकंदाला एक मिलिमीटर या गतीने मागे ओढायचं. घाई केली तर भिंत नीट आकसत नाही, रेंगाळलं तर जास्त जळते. जमत असेल तर हाताला जाणवतं, नळी आकसत फायबरला धरू पाहते. तुमच्या यजमानांची नळी पाच सेंटिमीटरची, म्हणजे लेसरचं खरं काम जेमतेम मिनिटभराचं. उरलेला वेळ मार्ग शोधणं, साफ करणं आणि शेवटी आतलं तोंड टाक्याने किंवा शेजारचं अस्तर ओढून झाकणं यात जातो. बाहेरचं तोंड मात्र उघडंच ठेवायचं, उरलासुरला स्राव तिथून जायला हवा. कोणी म्हणालं ‘लेसरने दोन्ही तोंडं सील करतो’, तर तिथे जरा थांबा.

आता ‘शंभर टक्के’बद्दल. ही पद्धत २०११ साली जर्मनीतल्या आर्ने विल्हेल्म या सर्जननी अकरा पेशंटच्या अनुभवावर मांडली. २०१७ मध्ये त्यांनीच ११७ पेशंटचा निकाल छापला, सरासरी दोन वर्षांहून थोडा अधिक पाठपुरावा करून: पहिल्या खेपेला ६४ टक्के बरे. ज्यांचं फसलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पुन्हा ऑपरेशन केलं, तेव्हा आकडा ८८ वर गेला. ज्याने पद्धत काढली त्याचा हा आकडा आहे, हे लक्षात घ्या. नंतर इतरांचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हाही पहिल्या खेपेचं यश सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे तिघांतले दोघे. तिसऱ्याला पुन्हा काहीतरी करावं लागतं. पण त्याच अभ्यासांत मल-वारा धरण्याच्या ताकदीवर परिणाम झालेले अगदी थोडे, शंभरात एखादा, तोही किरकोळ. लेसर निवडायचं ते यासाठी. फसलं तरी माणूस जिथे होता तिथेच राहतो, बहुतेक वेळा स्नायू शाबूत असतो आणि पुढचे सगळे मार्ग खुले राहतात. नुकसान होतं ते पैशाचं आणि दोन-तीन महिन्यांचं. घरातल्या कमावत्या माणसासाठी तेही कमी नाही, म्हणून तिघांतले दोघे हे आधी कळलं पाहिजे. ‘गॅरंटी’ शब्द वापरणाऱ्याला विचारा की फसलं तर दुसऱ्या खेपेचे पैसे घेणार का. उत्तर ऐकून तुम्हीच ठरवा.

तुमच्या केसमध्ये मी असं करेन. पहिल्या टप्प्यात भूल देऊन ती पिशवी उघडायची, पूर्ण निचरा करायचा आणि मुख्य मार्गातून सेटन घालायचा. सेटन म्हणजे सिलिकॉनचा किंवा साधा मऊ दोरा, आतून बाहेर सैल बांधलेला. तो काही कापत नाही, फक्त वाट उघडी ठेवतो. यजमान आठ ते बारा आठवडे तो घालून हिंडतील, बसतील, जवळपासच्या फेऱ्याही करतील. थोडा ओलावा राहतो, गॉज ठेवावं लागतं. पण ठणका जातो, आणि पेशंट आश्चर्याने म्हणतो की दोऱ्यानेच बरं वाटलं. तेवढ्या वेळात बाजूची पिशवी भरून येते आणि मार्ग बारीक, सरळ, एकच असा उरतो. लेसरला असाच मार्ग लागतो. मार्ग रुंद, फाटे फुटलेला किंवा घोड्याच्या नालासारखा दोन्ही बाजूंना वळलेला असेल तर गोल फायबर भिंतीला नीट टेकतच नाही. पू काढून सेटन घालणं हे धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या सर्जरी विभागाचं नेहमीचं काम आहे. तेवढ्यासाठी मोठा खर्च करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात जात असाल तर भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला भेटून पॅकेजचं विचारून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

पहिल्याच ऑपरेशनात आणखी एक गोष्ट आग्रहाने मागा: खरवडून काढलेला तुकडा तपासणीला पाठवा म्हणावं. एक भाग बायोप्सीला, एक टीबीच्या जीन एक्सपर्ट चाचणीला. आपल्या भागात परत परत होणाऱ्या भगंदरामागे कधी कधी टीबी निघतो, खोकला, ताप काही नसताना. तो असेल तर औषधांशिवाय कुठलंच ऑपरेशन टिकत नाही, आणि औषधांचा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो. लेसरने भिंत एकदा जाळली की तपासायला धड तुकडा उरत नाही, म्हणून हे आधी. सोबत शुगर, म्हणजे उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, हेही करा. तुम्ही लिहिलंय ‘शुगर कधी तपासली नाही’. एक्केचाळीस वय, दिवसभर स्टीअरिंगवर, ढाब्याचं जेवण, ही तपासणी गळू झालं तेव्हाच व्हायला हवी होती. आणि वजन उतरणं, महिनोन् महिने जुलाब, आव, पोटात कळा असं काही असेल तर दुर्बिणीने आतडं बघून क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) नाही ना याची खात्री करावी लागते. नसेल तर ते सोडून द्या.

सासऱ्यांचं म्हणणंही मोडीत काढू नका. क्षारसूत्राची चेष्टा करणारे सर्जन आहेत, मी त्यांतला नाही. दोऱ्याला निवडुंगाच्या चिकाचे अकरा, त्यावर आघाड्याच्या क्षाराचे सात आणि हळदीचे तीन असे एकवीस थर देतात. तो मार्गातून बांधायचा आणि दर आठवड्याला बदलायचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने म्हणजे आयसीएमआरने अनेक केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल १९९१ मध्ये आला. क्षारसूत्रानंतर पुन्हा होण्याचं प्रमाण ४ टक्के, ऑपरेशननंतर ११. भरायला मात्र आठ आठवडे, ऑपरेशनला चार. निकाल चांगलाच आहे. पण दोन गोष्टी सासऱ्यांना सांगा. क्षारसूत्र हळूहळू कापत जातं. मागून भरत येतं म्हणून स्नायूची टोकं एकदम दूर जात नाहीत, तरी जो स्नायू दोऱ्यात आहे तो शेवटी कापला जातोच. मार्ग स्नायूच्या निम्म्या जाडीतून असेल तर धोका लेसरपेक्षा जास्त. दुसरं, दर आठवड्याला दोरा बदलताना चांगलंच दुखतं आणि तारखा चुकवून चालत नाही. दिल्लीच्या फेरीवर असलेल्या माणसाला हे जमणार आहे का, हे तुम्हीच सांगू शकता. करायचंच ठरलं तर शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या सर्जरीत, एमएस केलेल्या वैद्यांकडे, तेही एमआरआय बघून बोलणाऱ्यांकडे. बिना तपासणीचा दोरा मला मान्य नाही, मग तो सिलिकॉनचा असो की क्षाराचा.

सेटननंतर पर्याय फक्त लेसरच असंही नाही. लिफ्ट नावाची पद्धत आहे, थायलंडमध्ये २००७ साली निघालेली. त्यात दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून नळी बांधून तोडतात. यश साधारण लेसरच्याच जवळपास, आणि महाग फायबर लागत नाही. सर्जनचा हात कशावर बसला आहे याला फार महत्त्व आहे. लिफ्ट चांगली करणाऱ्याकडून लिफ्ट करून घ्या, त्याला लेसर करायला लावू नका.

लेसरचंच ठरलं तर बिलाकडे थोडं लक्ष द्या. काही ठिकाणी ‘लेसर’ म्हणजे लेसरच्या टोकाने कातडी आणि स्नायू कापणं असतं. ती फिस्टुलोटॉमीच झाली, फक्त सुरीच्या जागी प्रकाश. त्याने स्नायू वाचत नाही. तेव्हा विचारा: नळी आतून बंद करणार की उघडणार? फायबर गोलाकार प्रकाश टाकणारं आहे का? माझ्यासाठी नवीन सील फोडणार का, आणि त्याचं रिकामं पाकीट बघायला मिळेल का? हे फायबर एका पेशंटसाठीच असतं. वापरून वापरून टोक काळं पडलं की प्रकाश सगळीकडून सारखा पडत नाही. असं विचारल्यावर कोणी चिडलं तर चिडू द्या.

गाडीवर कधी? दुसऱ्या दिवशी नक्की नाही. लेसरनंतर दुखणं खरंच कमी असतं, बरेच जण दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि चार-पाच दिवसांत दुकानात बसतात. पण अवजड गाडी चालवणं वेगळं. एकदा बसलं की चार-चार तास, खालून गरम सीट, लघवी-संडास लांबवलेली. मी दहा दिवस तरी गाडी नाही म्हणतो, लांबची फेरी तीन आठवड्यांनंतर, आणि क्रेट उचलणं एक महिना नाही. बाहेरच्या तोंडातून पाणी, पिवळसर स्राव, कधी लालसर डाग चार-सहा आठवडे राहतो. त्याने घाबरून पंधराव्या दिवशी ‘फेल गेलं’ म्हणून दुसरीकडे धावू नका, तिथे कोणीतरी लगेच पुन्हा कापायला बसलेला असतो. तीन महिने वाट बघायची. तीन महिन्यांनंतरही पू असेल तर परत एमआरआय. आणि सगळं कोरडं झालं तरी वर्षभर नजर ठेवायची, कारण परत होणाऱ्यांतले बरेच त्या पहिल्या वर्षातच होतात. तुम्ही विचारलेल्या ‘परत होणार नाही ना’चं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तिखटाने भगंदर होत नाही, ‘अंगातल्या उष्णते’नेही नाही. ऑपरेशननंतर काळ्या मसाल्याचा रस्सा, शेवभाजी, ठेचा तीन-चार आठवडे बाजूला ठेवा, ते फक्त शौचाला जळजळ होऊ नये म्हणून. बाकी आपलं जेवण उत्तमच आहे: कळण्याची भाकरी, भाजी, ताक. पोट घट्ट होऊ द्यायचं नाही आणि जुलाबही लागू द्यायचे नाहीत, कारण जुलाबाने आतलं ताजं टाक्याचं काम उसवतं. रात्री इसबगोल, दिवसा भरपूर पाणी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, केबिनमध्ये त्याहून जास्त, तेव्हा पाणी जरा जास्तच. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं. पाण्यात हळद, तुरटी, डेटॉल काही घालायचं नाही, नुसतं पाणी पुरतं. तंबाखू सुटली तर जखम लवकर भरते. ड्रायव्हर लोक यावर हसतात, तरी मी सांगतोच.

थंडी वाजून ताप, वाढता ठणका, लघवी अडकणं किंवा बाजूला नवीन कडक सूज, यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. आत्ता मंगळवारच्या आधी असं झालं तरी तेच, पूची पिशवी रात्रीतून वाढू शकते.

सर्जनकडे जाताना एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. चांगला सर्जन चित्रं स्वतः बघतो. पहिल्या दोन्ही ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं शोधून ठेवा, कुठे कापलं होतं ते त्यात असेल. आणि यजमानांना विचारून ठेवा की वारा धरता येतो का, कपड्याला कधी डाग लागतो का. हे ते डॉक्टरांसमोर लाजून सांगणार नाहीत आणि उपचार कुठला करायचा हे त्यावरच ठरतं, तेव्हा ते गप्प बसले तर तुम्ही सांगा.